लगक्रम

कवितेच्या चरणातील अक्षरे लघू (ल) की गुरू (गा) हे ठरवून ती ओळीने मांडणे म्हणजे लगक्रम काढणे. लघूची 1 मात्रा, गुरूच्या 2. आधी वृत्त, मग यमक आणि शेवटी भाव असे पाहावे. भाव आधी ठरवून बसले, की कान हवे तेच वृत्त ऐकू लागतो.

नमुन्यासाठी रचलेल्या दोन ओळी:

उन्हाने तळे तापले नागपूरी
जिवाला तरी पावसाची सबूरी

दोन्हींत ‘लगागा’ चारदा येतो. 12 अक्षरे, 20 मात्रा, वृत्त भुजंगप्रयात. नवशिक्या माणसाची गणती इथे हमखास चुकते. एक तर बोलताना आपण ‘ताप्ले’, ‘नाग्पूर’ म्हणतो. वृत्तात मात्र ‘प’ आणि ‘ग’ ही पूर्ण अक्षरे. दुसरे, ‘उन्हाने’त जोडाक्षर दिसले म्हणून ‘उ’ गुरू धरला जातो. ‘न्ह’, ‘म्ह’, ‘ल्ह’ यांचा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून तो लघूच. ‘तुझ्या’तला ‘तु’ही तसाच, पण ‘सत्य’मधला ‘स’ गुरू होतो. जोडाक्षराचा निर्णय मोठ्याने उच्चारून करावा, लिपी पाहून नव्हे. ‘नागपुरी’ आणि ‘सबुरी’ इथे दीर्घ केले आहेत ती कवीला मिळणारी सूट; तिचा वापर जितका कमी तितका बरा.

अभंगाला हे माप लावू नये. मोठ्या अभंगाचे चरण 6, 6, 6, 4 अक्षरांचे असतात. तिथे नुसती अक्षरे मोजायची.

यमकात शेवटचे अक्षर जुळले एवढ्याने भागत नाही. वर ‘री’सोबत आधीचा ‘ऊ’ही जुळतो. हाच ‘ऊ’ गझलेत अलामत (यमकातला न बदलणारा स्वर) ठरतो, आणि मतल्यात (पहिल्या शेरात) तो बांधला गेल्यावर पुढच्या शेरात ‘विचारी’ हा काफिया (यमकाचा शब्द) चालत नाही. नागपुरात उत्तरायुष्य घालवलेले सुरेश भट (1932–2003) यांनी हे नियम मराठीत सोपे करून मांडले. विदर्भातले नवे गझलकार आजही इथूनच सुरुवात करतात.

भावाचे काम सर्वांत निसरडे. मंदाक्रांता घ्या: 17 अक्षरे, गण (तीन-तीन अक्षरांचे गट) म भ न त त आणि शेवटी दोन गुरू, यती (थांबा) 4, 6 आणि 7 अक्षरांवर. सुरुवातीच्या चार गुरूंवर पाऊल जड पडते, पुढचे पाच लघू धावतात, मग चाल पुन्हा रेंगाळते. ‘मेघदूता’तल्या विरहाला ही चाल शोभते. पण तेवढ्यावरून मंदाक्रांता म्हणजे विरह असे समीकरण मांडू नये. भुजंगप्रयातात समर्थांचा मनाला उपदेश आहे आणि वरच्या ओळींतला उन्हाळाही. वृत्त गती देते. भाव शोधायचा तो शब्दांत, आणि कवीने गती जिथे मोडली तिथे.