आधी उजेड, मग रंग

थंडी पडू लागली की ऐरोली आणि नेरूळच्या बाजूला माणसं कॅमेरे, मोबाइल घेऊन जमतात. ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरलेले असतात. 2015 साली अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेली ही खाडी आपल्या दारात आहे, हे ठाणे-नवी मुंबईकरांचं भाग्यच. पण रात्रीपर्यंत ग्रुपवर फिरणाऱ्या बऱ्याच फोटोंत पिसं दिसतच नाहीत, दिसतो तो नुसता भडक गुलाबी रंग. असं का होतं हे नीट कळलं, तर फोटो एडिटिंग शिकणाऱ्याचा पाया तिथेच पक्का होतो.

फोनच्या साध्या जेपेग फोटोत प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक 0 ते 255 मधला. समजा, उन्हातल्या एका पिसाचे आकडे 250, 205, 205 आहेत आणि शेजारच्या, किंचित सावलीतल्या पिसाचे 235, 190, 190. हा 15 चा फरक म्हणजेच पिसाची कड. आता सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाच्या भडकपणाची, पट्टी जोरात उजवीकडे ओढली. लाल वाढू पाहतो, पण 255 च्या वर जागाच नाही. दोन्ही पिसांचा लाल तिथेच जाऊन अडकतो, त्यातला फरक शून्य होतो आणि कड पुसट होते. फाइल तशीच सेव्ह केली, तर गेलेला तपशील कोणतंही ॲप परत आणू शकत नाही. म्हणून मूळ फोटो जपून ठेवायचा आणि काम नेहमी कॉपीवर करायचं. पट्टी ओढताना हिस्टोग्रामवर, म्हणजे किती पिक्सेल किती उजळ आहेत हे दाखवणाऱ्या आलेखावर, नजर असू द्या. आलेख उजव्या कडेला चिकटू लागला की हात आवरा.

मुळात आपल्या डोळ्याला बारकावे कळतात ते मुख्यतः उजेडातल्या फरकावरून. रंगातल्या फरकाला तो त्या मानाने ढिला आहे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना 1976 साली ज्या रंगगाळणीचं, म्हणजे उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरच्या बारीक रंगीत चौकोनांच्या जाळीचं, पेटंट मिळालं, ती त्याच तत्त्वावर बेतलेली आहे आणि आजही बहुतेक फोनच्या सेन्सरवर तीच किंवा तिचाच एखादा प्रकार असतो. तिच्यात निम्मे चौकोन हिरवे, पाव लाल आणि पाव निळे, कारण भरपूर उजेडात डोळा सर्वांत संवेदनशील असतो तो हिरव्याच्या पट्ट्यात, 555 नॅनोमीटरच्या आसपास. जेपेग त्याहून पुढे जातो. उजेडाची माहिती तो पूर्ण मापाची ठेवतो, रंगाची मात्र बहुतेकदा लांबीत निम्मी आणि रुंदीतही निम्मी करून साठवतो. आपल्या ते लक्षातही येत नाही.

मग कामाचा क्रमही तसाच हवा: आधी एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजळपणा) आणि सावल्या, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली दुरुस्ती), रंग सगळ्यांत शेवटी. ठाण्याच्या तलावपाळीवर रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरा शर्टही पिवळा येतो. उजेडाची ही छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा: तसल्या दिव्याचा साधारण 2700 केल्विनचा, भर दुपारचा सुमारे 5500 चा. आपला मेंदू हा फरक परस्पर भरून काढतो, कॅमेऱ्याला ते नेहमीच जमतं असं नाही. जी गोष्ट खरोखर राखाडी किंवा पांढरी आहे, तिथले तिन्ही आकडे जवळपास सारखे आले की व्हाइट बॅलन्स जमला. पण मावळतीचा सोनेरी उजेड या नियमात बसवू नका. तो त्या वेळेचा खराच रंग आहे.

मोबाइल ॲपचा स्क्रीन आखतानाही डोळा तोच असतो, आणि नवशिके नेमके तिथे रंगांत रमतात. स्क्रीनवरच्या रंगाचा उजेड मोजताना हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा अवघा 7 धरतात. त्यामुळे पांढऱ्यावर शुद्ध पिवळी अक्षरं केली, तर पार्श्वभूमी आणि अक्षरं यांच्या उजेडाचं गुणोत्तर येतं जेमतेम 1.07. वेब सुलभतेच्या मान्य निकषांनुसार साध्या मजकुराला ते किमान 4.5 हवं.

हाही झाला सावलीतला हिशोब. समजा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा उजेड 500 एकक आणि राखाडी अक्षरांचा 110. घरात गुणोत्तर साडेचारच्या वर, उत्तम. तोच फोन ठाणे स्टेशनच्या उघड्या फलाटावर काढला आणि काचेवरून परावर्तित उन्हाने दोन्हींत 100 ची भर घातली, तर उरतात 600 आणि 210. गुणोत्तर तीनच्याही खाली. गाडी समोर आलेली आणि तिकीट वाचता येत नाही, हा वापरणाऱ्याचा दोष नव्हे. नाजूक फिकट अक्षरांचा सोस मला म्हणूनच पटत नाही. देवनागरीत तर रफार, अनुस्वार आणि उकार वर-खाली जातात. इंग्रजीच्या मापाने ओळींतलं अंतर ठेवलं, तर ते एकमेकांत घुसतात किंवा बटणाच्या कडेला छाटले जातात.

फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ग्रेस्केलची, म्हणजे रंग काढून फक्त राखाडी छटा दाखवण्याची, सोय असते. ती चालू करून आपला स्क्रीन उन्हात धरा. कुठलं बटण आधी दाबायचं हे तेव्हाही कळत असेल, तर खुशाल रंग भरा. ‘पैसे गेले’चा हिरवा ठिपका आणि ‘अडकले’चा लाल ठिपका ग्रेस्केलमध्ये सारखेच दिसत असतील, तर ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांनाही ते ओळखणं अवघड जाणार. तिथे ठिपक्याशेजारी शब्द लिहायलाच हवा.