सौंद, दलीपसिंग
(२० सप्टेंबर १८९९ – २२ एप्रिल १९७३). अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद झालेले पहिले भारतीय व पहिले शीख. जन्म अमृतसर जिल्ह्यातील छज्जलवडी येथे. पंजाब विद्यापीठातून गणिताची पदवी (१९१९) घेऊन ते १९२० मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कलीला अन्नसंरक्षण शिकायला गेले. मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाची पीएच.डी. (१९२४) त्यांना मिळाली ती गणितात. हाती डॉक्टरेट असूनही पोट भरले ते इंपीरियल व्हॅलीतील लेट्यूसच्या शेतीवर. तेथेही जमीन स्वतःच्या नावावर करता येत नव्हती. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परदेशीयांना कॅलिफोर्नियाच्या कायद्याने शेतजमिनीची मालकी नाकारली होती आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या भगतसिंग थिंद खटल्यातील निकालाने (१९२३) भारतीय त्या अपात्रांत मोडले. ही आडकाठी भारतीयांना नागरिकत्व खुले करणाऱ्या १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने दूर झाली. त्या कायद्यासाठी सौंद स्वतःही खटपट करत होते.

डिसेंबर १९४९ मध्ये ते नागरिक झाले. पुढच्याच वर्षी वेस्टमोरलँड येथे न्यायाधीशपदासाठी ते निवडून आले, पण निवडणुकीच्या दिवशी नागरिकत्वाला वर्ष पूर्ण झाले नव्हते म्हणून पद मिळाले नाही. १९५२ मध्ये पुन्हा लढून त्यांनी ते मिळवले.

१९५६ मध्ये ते प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले तेव्हा असाच वाद मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. संविधानानुसार प्रतिनिधी किमान सात वर्षे नागरिक असावा लागतो. सौंद यांची सात वर्षे डिसेंबरात भरणार होती, मतदान मात्र नोव्हेंबरात. पात्रता मतदानाच्या दिवशी पाहायची की शपथविधीच्या? डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीतील प्रतिस्पर्ध्याने न्यायालयात दाद मागितली, पण त्याला यश आले नाही. सभासदांची पात्रता ठरवण्याचा अधिकार संविधानाने सभागृहालाच दिलेला आहे, आणि जानेवारी १९५७ मध्ये शपथविधी झाला तेव्हा अट पुरी झालीच होती. हिशेब गणितज्ञाला शोभेल असाच म्हणायचा. सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी विख्यात वैमानिक जॅकलीन कॉक्रन यांचा पराभव केला.

‘पहिले आशियाई सभासद’ हे सर्रास लावले जाणारे बिरुद थोडे जपून वापरावे. तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या फिलिपीन्सचे प्रतिनिधी (निवासी आयुक्त) १९०७ पासून सभागृहात बसत होते. त्यांना मताधिकार नव्हता इतकेच. ‘मताधिकार असलेले पहिले’ असे म्हणणे अधिक बिनचूक.

परराष्ट्र व्यवहार समितीवर असताना १९५७ मध्ये त्यांनी भारतासह आशियाचा दौरा केला. त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याला त्यांचा पाठिंबा होता. १९५८ व १९६० मध्ये ते पुन्हा निवडून आले. १९६२ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन वाचा गेली. उमेदवारी कायम राहिली, पण प्रचाराला बाहेर पडता आले नाही आणि जागा गेली. हॉलिवूड येथे त्यांचे निधन झाले. कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथील टपाल कार्यालयाला त्यांचे नाव आहे. त्यांच्यानंतर भारतीय वंशाची व्यक्ती प्रतिनिधिगृहात यायला २००५ साल उजाडले (बॉबी जिंदाल). बेळगावात वाढलेले मराठीभाषक श्री ठाणेदार मिशिगनमधून २०२३ मध्ये आले.