मेकॅनिकल मॉडमधील बॅटरी आणि कॉइलची निवड

मेकॅनिकल मॉड म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट नसलेले वेपिंगचे उपकरण. धातूची नळी, नळीत लिथियम-आयन सेल, बुडाशी दाबायचे बटण आणि वर आट्यांवर बसवलेला ॲटोमायझर, एवढाच त्याचा संसार. ॲटोमायझरमध्ये तारेची कॉइल असते, कॉइलमध्ये कापूस ओवलेला असतो आणि कापूस ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकोलच्या, बहुधा निकोटिन घातलेल्या द्रवात भिजलेला असतो. बटण दाबले की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. खेड्यापाड्यांत अजूनही टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात. त्या जुन्या पत्र्याच्या बॅटरीत सेल, बटण आणि बल्ब यांपलीकडे काही नसे. मेकॅनिकल मॉडची रचना तीच आहे, फक्त बल्बच्या जागी कॉइल आली. मात्र टॉर्चचा बल्ब अर्ध्या अँपिअरवर भागवतो, आणि ही कॉइल वीस अँपिअरही ओढू शकते. या नोंदीतले पुढचे सगळे या एका फरकातून निघते.

आजच्या स्वरूपातली ई-सिगारेट चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये तयार केली. सुरुवातीची उपकरणे अशक्त होती, म्हणून हौशी मंडळींनी मोठे सेल बसणाऱ्या नळ्या घरीच घडवायला सुरुवात केली. ‘मॉड’ हे नाव या फेरफारावरून पडले. पुढे अमेरिका, ब्रिटन, फिलिपिन्स अशा देशांत तांब्या-पितळेच्या नळ्या कातून विकणारे छोटे कारखाने उभे राहिले. दरम्यान चिप असलेली उपकरणेही आली. चिप कॉइलचा रोध मोजते, शॉर्टसर्किट दिसले की वीज तोडते, सेल उलटा बसला तर चालू होत नाही, सेल फार उतरू देत नाही. मेकॅनिकल मॉडमध्ये ही चारही कामे वापरणाऱ्याच्या डोक्याने करायची असतात.

शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम इथे सगळा कारभार चालवतो: व्होल्टेज भागिले रोध म्हणजे प्रवाह. पूर्ण भरलेल्या सेलचे व्होल्टेज ४.२ असते. कॉइल ०.५ ओहमची असेल तर प्रवाह ८.४ अँपिअर आणि शक्ती सुमारे ३५ वॅट, ०.३ ओहमला १४ अँपिअर आणि ५९ वॅट, ०.२ ला २१ अँपिअर आणि ८८ वॅट, ०.१ ला थेट ४२ अँपिअर. भार पडल्यावर व्होल्टेज थोडे खाली बसते, म्हणून खरा प्रवाह यापेक्षा जरा कमी निघतो. तरीही हिशेब ४.२ वरच करावा, कारण ही सूट सेलच्या वयाप्रमाणे आणि जोडांच्या स्वच्छतेप्रमाणे बदलते. सेल ३.७ व्होल्टवर उतरला की ०.३ ओहमची तीच कॉइल ४६ वॅटच देते. वाफ अशी मंदावणे हीच सेल काढून चार्ज करण्याची खूण आहे. वीज तोडणारे दुसरे कोणी तिथे नसते.

म्हणून निवडीचा क्रम आधी सेल, मग कॉइल असाच असतो. बहुतेक नळ्या १८६५० सेलसाठी असतात. त्याचा व्यास १८ मिमी, लांबी ६५ मिमी, आणि शेवटचे शून्य दंडगोल आकार दाखवते. लॅपटॉपच्या बॅटरीत हाच सेल वर्षानुवर्षे होता, आणि २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये असे ६,८३१ सेल होते. अलीकडच्या नळ्यांत २१७०० बसतो. सेलचा आकार तेवढाच राहिला तर साठा आणि प्रवाह दोन्ही एकाच वेळी वाढत नाहीत: आतल्या पट्ट्यांवरचा थर जाड केला की साठा वाढतो, पातळ केला की प्रवाह देण्याची ताकद वाढते. एलजीचा एचबी६ हा १५०० एमएएचचा (एमएएच हे साठ्याचे माप) सेल सलग ३० अँपिअर देतो, तर त्याच कंपनीचा ३००० एमएएचचा एचजी२ हा २० अँपिअर. सॅमसंगच्या २५आरचा आकडा २५०० एमएएच आणि २० अँपिअर आहे, सोनीच्या व्हीटीसी५एचा २६०० आणि २५. मेकॅनिकल मॉडसाठी सलग प्रवाहाचा आकडाच बघावा. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला क्षणिक प्रवाहाचा आकडा इथे कामाचा नाही, कारण बटण अडकले तर क्षण संपतच नाही. शिवाय या सलग आकड्याच्या ऐंशी टक्क्यांवर थांबणे शहाणपणाचे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, आयसीआर छापलेले कोबाल्ट रसायनाचे सेल या कामाला अजिबात घेऊ नयेत. ते तापले की लवकर पेटतात. सॅमसंग आणि एलजी यांचे तर म्हणणेच असे की हे सेल संरक्षक सर्किट असलेल्या पॅकसाठी आहेत, सुटे वापरण्यासाठी नव्हेत.

सेल हातात घेऊन नीट पाहिला तर धोका नेमका कुठे आहे ते दिसते. आपल्याला वाटते, वरचे टोक धन आणि खालचे ऋण. खरे तर सेलचा अख्खा डबाच ऋण असतो. तो अंगभर चढत वरच्या काठापर्यंत येतो, आणि धन टोपीपासून त्याला वेगळे ठेवते ती एक पातळ चकती आणि केसाएवढ्या जाडीचे प्लास्टिकचे वेष्टन. काठावर वेष्टनाला नखाएवढी चीर गेली की धातूची नळी तिथे टेकते आणि कॉइलला वळसा घालून वीज थेट धावते. नवे वेष्टन स्वस्त मिळते आणि ते चढवणे दोन मिनिटांचे काम आहे.

कॉइलच्या तारेत कॅंथल आणि नायक्रोम ही दोन नावे मुख्य. कॅंथल ही लोह-क्रोमियम-ॲल्युमिनियमची स्वीडिश मिश्रधातू. हान्स फॉन कांट्झो आणि हालस्टाहामार हे गाव, या दोन नावांतून तिचे नाव बनले. नायक्रोमचे पेटंट अमेरिकेच्या अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये मिळाले. गॅस संपला की माळ्यावरून खाली येणाऱ्या कॉइलच्या शेगडीत लालबुंद होणारी तार बहुधा हीच.

समजा २४ गेजची, म्हणजे सुमारे अर्धा मिमी जाडीची तार ३ मिमीच्या सळईवर सहा वेढे गुंडाळली. दोन्ही पाय धरून साधारण ७६ मिमी तार लागते. कॅंथलची ही कॉइल ०.५४ ओहमच्या आसपास भरते. अशा दोन कॉइली समांतर बसवल्या की ०.२७ ओहम, म्हणजे साडेपंधरा अँपिअर. २० अँपिअरच्या सेलला हे झेपते. आता तेच माप, तेच वेढे, फक्त तार नायक्रोम ८० (८० टक्के निकेलची): एक कॉइल ०.४०, दोन मिळून ०.२०, आणि प्रवाह जवळपास २१ अँपिअर. डोळ्याला काहीच बदललेले दिसत नाही आणि सेलची मर्यादा मात्र ओलांडलेली असते. म्हणून नवी कॉइल आधी ओहममीटरवर मोजायची, मग नळीवर चढवायची. शुद्ध निकेलच्या तारेचा रोध इतका कमी असतो की मेकॅनिकल मॉडमध्ये तिला जागाच नाही.

नळीचीही तपासणी हवी. गॅस बाहेर पडायला भोके नसतील तर बिघडलेल्या सेलपुढे ती बंद नळीबॉम्ब ठरते. काही नळ्यांत ॲटोमायझरची पिन थेट सेलच्या टोपीवर टेकते. ती पिन आट्यांच्या बाहेर स्पष्ट आलेली नसेल तर आटेच टोपीला लागतात आणि शॉर्ट होते. दोन सेल एकामागोमाग लावले तर व्होल्टेज ८.४ होते आणि ०.३ ओहमची निरुपद्रवी कॉइल २८ अँपिअर मागते. तांब्याची नळी देवघरातल्या तांब्यासारखीच काळवंडते. काळ्या थराखालचे जोड तापतात, म्हणून आटे आणि टोके घासूनपुसून ठेवावी लागतात.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना नोंदवल्या. त्यांतल्या ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता. सुट्या सेलला खिशातली किल्ली किंवा नाणे पुरते. त्यासाठी प्लास्टिकची डबी असते. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे मेकॅनिकल मॉडचा स्फोट होऊन तुकडे डोक्यात घुसल्याने एकाचा मृत्यू झाला.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आहे. साठवण वगळता पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे महाराष्ट्रात किंवा गोव्यात या नळ्यांचे कायदेशीर दुकान नाही. १८६५० सेल मात्र टॉर्च, पॉवर बँक, ई-बाइक यांतून घरोघरी पोहोचला आहे आणि त्याच्यासोबत ‘९९०० एमएएच’ छापलेले बनावट सेलही आले आहेत. या आकाराचा चांगला सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो, आणि त्याचे वजन ४५ ग्रॅमच्या आगेमागे असते. तराजूवर तो तीसच ग्रॅम भरला तर वेष्टनावरचा आकडा वाचण्याचीही गरज उरत नाही.