शर्यतीचे घोडे : डोपिंगविरोधी बंदोबस्त

शर्यतीत उतरणाऱ्या घोड्याच्या पोटात किंवा रक्तात निषिद्ध द्रव्य जाऊ नये, आणि गेलेच तर ते सापडावे, यासाठी तबेल्यात, रेसकोर्सवर आणि प्रयोगशाळेत ठेवली जाणारी दक्षता. खेळाडू निदान आपण काय घेतले ते सांगू शकतो. घोड्याला तीही सोय नाही. समोर येईल ते तो विश्वासाने खातो, म्हणून त्याची राखण माणसालाच करावी लागते.

डोपिंग दोन उलट्या हेतूंनी होते. एक घोडा पळवण्यासाठी : उत्तेजक, वेदनाशामक किंवा स्नायू वाढवणारी स्टेरॉइड्स देऊन. दुसरे घोडा थांबवण्यासाठी : फेव्हरिटला, म्हणजे जिंकेल म्हणून ज्याच्यावर सर्वांत जास्त पैसे लागले आहेत त्या घोड्याला, गुंगीचे औषध चारायचे आणि त्याच्याविरुद्ध पैसे लावायचे. पहिला प्रकार चाचणीत सापडण्याची शक्यता जास्त, कारण जिंकलेल्या घोड्याचा नमुना बहुतेक ठिकाणी घेतलाच जातो. हरलेल्या फेव्हरिटचा नमुना मात्र बऱ्याच ठिकाणी स्टुअर्डनी (शर्यतीवर देखरेख करणाऱ्या पंचांनी) मुद्दाम मागवावा लागतो, आणि तोवर लोकांचे पैसे बुडालेले असतात. थांबवण्याचा प्रकार अधिक क्रूरही आहे. गुंगीतला घोडा भरधाव पळताना कोसळला, तर त्याच्याबरोबर जॉकीचाही जीव जाऊ शकतो. त्यावर खरा उपाय पहाऱ्याचाच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये घोड्याला उत्तेजक देण्यास बंदी नव्हती. जॉर्ज लॅम्बटन या ट्रेनरने आधी सांगून-सवरून आपल्याच तबेल्यातल्या रद्दड घोड्यांना उत्तेजक दिले. ते जिंकू लागले, तेव्हा शर्यतींचे नियम करणाऱ्या जॉकी क्लबचे डोळे उघडले आणि बंदी आली. १९१० च्या सुमारास ऑस्ट्रियात बुकोव्स्की या रसायनशास्त्रज्ञाने घोड्याच्या लाळेतून अल्कलॉइड (वनस्पतींतून मिळणारी औषधी द्रव्ये) ओळखण्याची रीत काढली आणि बंदीला पुराव्याची जोड मिळाली.

तबेल्यातल्या पहाऱ्याचा धडा मात्र नंतर मिळाला. १९६० च्या आसपास इंग्लंडमध्ये घोडे थांबवणारी एक टोळी होती. तिच्यातली एक तरुणी श्रीमंत, होऊ घातलेली घोडामालकीण म्हणून तबेले पाहायला जाई. ट्रेनर कौतुकाने घोडे दाखवी आणि कोणता घोडा कोणत्या खणात बांधतात ते ती ध्यानात ठेवी. १९६१ च्या डर्बी या मोठ्या शर्यतीचा फेव्हरिट पिंटुरिस्किओ असाच आजारी पडला आणि धावूच शकला नाही. टोळीने तबेल्यातली पोरेही पैसे चारून फितवली होती. १९६३ मध्ये टोळीवर खटला होऊन शिक्षा झाल्या. घोड्याच्या सर्वांत जवळ मोतद्दार असतो. खरारा तोच करतो, चंदीचा तोबराही तोच चढवतो. धोका त्याच्याच हातून येऊ शकतो आणि पहिली शंकाही त्यालाच येते. त्याला तुटपुंजा पगार देऊन कॅमेऱ्यांवर लाखो खर्च करणारा तबेला माझ्या मते उंबरठ्यावरच चुकतो.

आजच्या बंदोबस्ताची सुरुवात ओळखीपासून होते. घोडा रेसकोर्सच्या तबेल्याशी पोचला की त्याच्या मानेतली मायक्रोचिप वाचून पासपोर्टशी ताडतात. आत फक्त पास असलेल्या माणसांना प्रवेश असतो. न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून काही वर्षे सगळ्या घोड्यांना शर्यतीच्या आधी काही तास पहाऱ्यातल्या वेगळ्या तबेल्यात ठेवत. परक्या जागी हळवे घोडे बिथरतात, अशी ट्रेनरांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. मुंबईत महालक्ष्मीला, जिथे १८८३ पासून शर्यती होतात, मोसमात घोडे रेसकोर्सच्याच आवारातल्या तबेल्यांत राहतात. तिथे राखण रेसच्या दिवसापुरती ठेवून भागत नाही.

काही द्रव्यांसाठी शर्यतीआधीच रक्त तपासतात. खाण्याचा सोडा, साखर आणि पाणी नाकातून नळीने थेट पोटात सोडायचे, की स्नायूंतले आम्ल मारले जाऊन थकवा उशिरा येतो, असा एक जुना डाव आहे. त्याला ‘मिल्कशेक’ म्हणतात. सोडा काही विष नव्हे, म्हणून रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडला मर्यादा घातली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ती लिटरला ३६ मिलिमोल आहे.

शर्यत संपल्यावर घोड्याला फिरवून, थंड करून नमुन्याच्या खणात नेतात. खाली कोरडे गवत पसरलेले असते. लांब दांड्याला भांडे लावून एक जण उभा राहतो आणि मोतद्दार हलकेच शीळ घालतो. शीळ ऐकली की घोड्याला लघवी होते, ही सवय त्याला लहानपणापासून लावलेली असते. लघवी झालीच नाही तर रक्त घेतात. नमुना ‘ए’ आणि ‘बी’ असा दोन बाटल्यांत विभागून ट्रेनरच्या माणसासमोर सील होतो. बाटलीवर घोड्याचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. ‘ए’मध्ये काही सापडले, तर मालक-ट्रेनरला ‘बी’ दुसरीकडे तपासून घेता येते. हात कोणाचाही असो, जबाबदारी मुळात ट्रेनरवरच येते.

स्टेरॉइडचा परिणाम औषध अंगातून गेल्यावरही टिकतो, त्यामुळे रेसच्या दिवशीचा नमुना तिथे तोकडा पडतो. एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी न्यूमार्केटला गोडॉल्फिन या शर्यतीचे घोडे बाळगणाऱ्या बड्या संस्थेच्या एका तबेल्यावर अचानक जाऊन नमुने घेतले. ११ घोड्यांत स्टेरॉइड निघाले आणि ट्रेनरवर आठ वर्षांची बंदी आली. आता केसही तपासतात, कारण केसांत महिनोन्‌महिन्यांचा माग राहतो.

यंत्रे इतकी तीक्ष्ण झाली आहेत, की निष्पाप घोडाही सापडतो. १९७९ मध्ये नो बॉम्ब्ज नावाच्या घोड्याने वाटेत मोतद्दाराच्या हातचे चॉकलेट पळवले, शर्यत जिंकली आणि कोकोतल्या थिओब्रोमिन या उत्तेजक द्रव्यामुळे बक्षीस गमावले. २०१४ च्या अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आलेली राणी एलिझाबेथची एस्टिमेट ही घोडी खाद्यात मिसळलेल्या खसखशीच्या झाडाच्या अंशामुळे मॉर्फिनसाठी दोषी ठरली आणि बाद झाली. म्हणून चांगल्या तबेल्यात चंदीच्या प्रत्येक खेपेचा थोडा नमुना राखून ठेवतात, खणाजवळ चहा-कॉफी पिऊ देत नाहीत, आणि स्वतः औषध घेणाऱ्या माणसाने घोड्याच्या गवतात लघवी करू नये, अशी सक्त ताकीद देतात.