संगणकात बॅकडोअर आढळला तर काय करायचं : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अँटिव्हायरसने ‘बॅकडोअर’ असं नाव दाखवलं की ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : काढून द्याल ना? काढून देतो. पण आत असताना तो काय काय करून गेला, हा प्रश्न आधी विचारायला हवा. फाइल पुसली म्हणजे काम झालं, असं समजून लोक निर्धास्त होतात आणि महिन्याभराने ईमेल खातं हातचं जातं. म्हणून हे पत्रक.

बॅकडोअर म्हणजे परक्या माणसाला तुमच्या संगणकावर हवं तेव्हा परत येता यावं म्हणून ठेवलेली वाट. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर लगेच समोर येतो; बॅकडोअरला मात्र लपूनच राहायचं असतं. त्याच्या आडून तो माणूस तुमचा स्क्रीन पाहू शकतो, तुम्ही दाबलेली प्रत्येक की नोंदवू शकतो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलू शकतो, कॅमेरा आणि माइक चालू करू शकतो. अनेकदा पुढे याच वाटेने रॅन्समवेअरही आत सोडला जातो.

आत येतो कसा

बहुतेक वेळा आपणच त्याला आत घेतो. बिलाच्या नावाने आलेली फाइल पीडीएफसारखी दिसते, पण तिच्या नावाचा खरा शेवट ‘डॉट ईएक्सई’ असा असतो आणि विंडोज तो शेवट मुळातच लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलचं पूर्ण नाव दाखवायची सोय आहे, ती चालू करून घ्या. अलीकडे आणखी एक युक्ती फोफावली आहे : ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ असं सांगणारं पान उघडतं आणि विंडोज व आर ही बटणं दाबून तिथे काहीतरी पेस्ट करायला लावतं. कोणतंही खरं संकेतस्थळ असं कधीही सांगत नाही. तुम्ही जे पेस्ट करता ती आज्ञा असते आणि ती बॅकडोअर उतरवून चालवते.

क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरबद्दल आम्ही आडपडदा ठेवत नाही. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना ज्याच्यासोबत येते, ते सॉफ्टवेअर फुकट नाही. कृपया वापरू नका.

काही वेळा वापरणाऱ्याची काहीच चूक नसते. 2017 मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच बॅकडोअर मिसळला गेला होता आणि तो 20 लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचला. त्याच वर्षी 14 मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्त केली. ज्यांनी ते अपडेट घेतलं नाही, त्यांच्या संगणकांत डबलपल्सर नावाचा बॅकडोअर कोणी काही न उघडताही शिरला आणि मे महिन्यात वॉनाक्राय या रॅन्समवेअरने हीच त्रुटी वापरून धुमाकूळ घातला. अपडेट पुढे ढकलू नका, हे आम्ही वारंवार सांगतो ते यासाठी.

फोनवर ‘मदत’ करणाऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेलं रिमोट सॉफ्टवेअरही बॅकडोअरचंच काम करतं. ते मूळचं कायदेशीर असल्याने अँटिव्हायरस बहुधा गप्प बसतो.

आत आल्यावर

सर्वांत आधी तो स्वतःची सोय करतो. संगणक बंद करून पुन्हा लावला तरी आपण सुरू व्हावं म्हणून रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) नोंद करतो, टास्क शेड्युलरमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत) काम लावतो किंवा विंडोजची एखादी सेवा असल्याचं सोंग घेतो. कधी नवीन वापरकर्ता खातं तयार करतो, कधी डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) अपवादांच्या यादीत स्वतःचंच फोल्डर घालतो, म्हणजे स्कॅन तिकडे फिरकतच नाही.

मग तो बाहेर संपर्क साधतो. 1998 मध्ये गाजलेला बॅक ओरिफिस हा बॅकडोअर 31337 क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या नेटवर्कवरच्या क्रमांक दिलेल्या दारावर) वाट पाहत बसायचा आणि हल्लेखोराला बाहेरून आत यावं लागायचं. अशी जोडणी राउटर किंवा फायरवॉल अडवू शकतात. त्यामुळे आजचे बहुतेक बॅकडोअर उलट करतात : संगणकच आतून बाहेर जोडणी करतो, तीही बहुधा 443 पोर्टवरून, जिथून तुमची नेहमीची सुरक्षित संकेतस्थळं चालतात. आतून निघालेली जोडणी राउटरला तुमचीच वाटते. ठरावीक वेळाने हळूच विचारणा होते : काही काम आहे का? नसेल तर पुन्हा शांतता. ‘आमच्याकडे फायरवॉल आहे’ एवढ्यावर विसंबून राहू नये ते म्हणूनच.

ओळखायचं कसं

खात्रीची लक्षणं थोडीच. अँटिव्हायरस आपोआप बंद पडणं, अनोळखी वापरकर्ता खातं दिसणं, न पाठवलेले मेल पाठवलेल्यांत सापडणं, कॅमेऱ्याचा दिवा कारण नसताना लागणं, अनोळखी ठिकाणाहून लॉगिन झाल्याची सूचना येणं. विंडोजमधल्या रिसोर्स मॉनिटरच्या नेटवर्क विभागात कोणता प्रोग्राम बाहेर बोलतोय ते दिसतं. तिथली लांबलचक यादी पाहून घाबरू नका; त्यातलं बहुतेक नेहमीचंच असतं.

संगणक संथ झाला तरच काहीतरी शिरलं असेल, हा समज मात्र सोडून द्यावा. लिनक्सच्या एक्सझेड या साधनात लपवलेला बॅकडोअर 29 मार्च 2024 रोजी जगासमोर आला, तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. आपल्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नसतं.

काढायचा कसा

पहिलं काम, इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा, केबल काढा. कार्यालयातला संगणक असेल तर तो चालू राहू द्या, फक्त नेटवर्कपासून वेगळा करा. बंद केला की मेमरीतले पुरावे जातात.

दुसरं काम पासवर्ड बदलण्याचं, आणि ते याच संगणकावरून करू नका. नवीन पासवर्डही नोंदला जाईल. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून आधी ईमेलचा बदला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच परत मिळवता येतात. मग बँकेचा, मग इतर. बदलल्यावर ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करायला विसरू नका. ब्राउझरमधली सेशन कुकी, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय याची खूण, चोरीला गेली असेल तर हल्लेखोर पासवर्डशिवायच आत राहू शकतो. चोराने किल्लीची नक्कल करून घेतल्यावर आपण फक्त आपली किल्ली जपून ठेवावी, तसं ते होईल. ईमेलच्या सेटिंगमध्ये कोणी परस्पर फॉरवर्डिंग लावलंय का, खातं परत मिळवण्यासाठी दुसऱ्याचा फोन नंबर घातलाय का, हेही पाहा.

मग स्कॅन. चालू विंडोजमध्ये बॅकडोअर स्वतःला लपवू शकतो, म्हणून विंडोज सुरू होण्याआधी चालणारा स्कॅन जास्त भरवशाचा. विंडोज सिक्युरिटीत व्हायरसविषयक विभागात स्कॅनचे पर्याय उघडले की ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ मिळतो. त्याला साधारण 15 मिनिटं लागतात. काही सापडलं तर टास्क शेड्युलर, सेवा, स्टार्टअप आणि डिफेंडरचे अपवाद हाताने तपासावे लागतात. आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं ऑटोरन्स हे साधन यासाठी उत्तम आहे, पण माहिती नसताना नोंदी पुसल्या तर विंडोज सुरूच होणार नाही. हे काम आमच्यावर सोडा.

फाइल नुसती डाउनलोड झाली होती, उघडण्याआधीच अँटिव्हायरसने पकडली, तर स्कॅन पुरेसा आहे. ती चालली असेल तर आमचा स्पष्ट सल्ला : डेटा काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका. ग्राहकांना हे नकोसं वाटतं, हे आम्हाला माहीत आहे. पण एक बॅकडोअर सापडला याचा अर्थ एकच होता असा होत नाही. दूरवरून संगणक ज्याच्या ताब्यात होता, त्याने आणखी काय पेरून ठेवलं हे कोणताही स्कॅनर छातीठोकपणे सांगू शकत नाही. विंडोजला आधीच्या स्थितीत नेणाऱ्या सिस्टीम रिस्टोअरवरही भिस्त ठेवू नका. नवीन विंडोजची पेन ड्राइव्ह दुसऱ्या स्वच्छ संगणकावर बनवावी आणि विंडोजच्या डिस्कवरची सगळी पार्टिशन पुसून टाकावीत.

फोटो, दस्तऐवज, हिशेबाच्या फायली परत घेता येतात, अर्थात स्कॅन करून. जुने इन्स्टॉलर, स्क्रिप्ट, मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या शीट मात्र नाहीत. बॅकअप वापरणार असाल तर तारखेचा विचार करा. 2020 च्या डिसेंबरमध्ये उघडकीला आलेला, सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला बॅकडोअर शिरल्यानंतर जवळपास दोन आठवडे काहीच करत नसे. संसर्ग दिसला तो दिवस आणि झाला तो दिवस एकच असेल असं नाही. बॅकअपची हार्ड डिस्क संसर्ग झालेल्या संगणकाला अजिबात जोडू नका.

आमच्याकडे आणताना

अँटिव्हायरसचा इतिहास पुसू नका. त्यातली नावं आणि वेळा आम्हाला उपयोगी पडतात. संशयास्पद फाइल केव्हा उघडली, त्यानंतर बँकेचं किंवा कार्यालयाचं काम या संगणकावर झालं का, हे आठवेल तेवढं लिहून आणा. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) बंद असेल तर रिकव्हरी की सोबत असू द्या, नाहीतर डेटा काढता येत नाही. खात्यांचे पासवर्ड आम्हाला लागत नाहीत, ते कोणालाच सांगू नका. त्याच नेटवर्कवर दुसरे संगणक असतील तर तेही सांगा, त्यांची तपासणी सोबतच करावी लागेल.