वूफरची रिंग न वाजवताही का झडते?

सातारा जिल्ह्यात पावसाची वाटणी न्यायाने झालेली नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर, आणि माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर. जुन्या वूफरच्या कोनाभोवतीची, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या शंकूभोवतीची, फोमची रिंग मात्र दोन्हीकडे झडते. फरक असतो तो कारणात.

हा फोम पॉलियुरेथेनचा. त्याचा पॉलिएस्टर प्रकार ओलाव्याला बळी पडतो. हवेतलं पाणी त्याच्या साखळीतले एस्टर बंध तोडतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने घडवतं. पॉलिईथर प्रकार पाण्याला पुरून उरतो, पण ऊन आणि ऑक्सिजन त्याला ठिसूळ करतात. म्हणजे 'वाजवलाच नाही, नवाच आहे' या म्हणण्याला अर्थ नाही. साधारण १० ते २० वर्षांत बोट लावलं की भुगा हातात येतो. डीजेच्या मोठ्या वूफरला बहुधा कापडाची चुणीदार किनार असते, त्यामुळे मिरवणुकीतल्या भिंती या रोगातून सुटल्या. कानांच्या दृष्टीने हे दुर्दैवच.

वूफरच्या खोक्याला भोक, म्हणजे पोर्ट, असेल तर प्रकरण जास्त नाजूक. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठरावीक सूर निघतो. अशा खोक्याला बास रिफ्लेक्स म्हणतात आणि त्यातला पोर्ट त्याच तत्त्वावर चालतो. बेल लॅबोरेटरीजच्या अल्बर्ट थुरास यांना या रचनेचं अमेरिकन पेटंट १९३२ साली मिळालं. पोर्टच्या ठरलेल्या कंप्रतेला (म्हणजे त्याच्या ठरावीक सुराला) कोन जवळजवळ स्थिर असतो, काम नळीतली हवा करते. पण त्याखालच्या कंप्रतेला हवा नुसती आतबाहेर होते आणि कोनाला मागून आधार उरत नाही. बंद खोक्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखा आधार देते, इथे तो नाही. रिंग फाटलेली असेल तर कोन वाकडा हलतो, त्याला जोडलेली तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आणि जळूही शकते. शिवाय फाटीतून हवा गळून बासही पोकळ होतो.

तपासणी सोपी आहे. जाळी काढून टॉर्चच्या उजेडात रिंग बघा. मग कोन दोन्ही बाजूंनी सारखा, हलकेच दाबा. खरखर आली तर वाजवणं थांबवा. सेलोटेपने डागडुजी करू नका. टेपने एक बाजू ताठ होते आणि कोन तिरका ओढला जातो.

पोर्टमध्ये झुरळं, पाली आणि मातीची घरटी करणारी कुंभारीण माशी हौसेने बिऱ्हाड थाटतात. विरळ जाळी लावा. दाट जाळीने हवा अडते. आतलं अस्तर फोमचं असेल तर तेही झडतं आणि त्याचा भुगा कॉइलच्या फटीत जाऊ शकतो. त्याऐवजी उशीत भरतात तो पॉलिएस्टर तंतू घाला. नाव तेच असलं तरी हा तंतू असा कुजत नाही.

रिंग बदलताना जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ करून काढतात. नवी रिंग चिकटताना कॉइल मध्यभागी राहावी म्हणून कोनाच्या मधली टोपी (डस्ट कॅप) काढून फटीत पातळ पट्ट्या खोचतात. दुकानात 'टिकेल' म्हणून रबराची रिंग सुचवतील. टिकते खरी, पण जड किंवा ताठ असेल तर वूफरची स्वतःची कंप्रता सरकते आणि खोक्याशी जुळलेला मेळ बिघडतो. खोकं आणि वूफर यांचं हे गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं, पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं. मूळ रिंग फोमची असेल तर तेवढ्याच मापाची, तेवढीच मऊ फोमची रिंग मागा.