मागचा ब्रेक कचकन का धरतो?

पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या मोटारीचा ब्रेक सकाळी पहिल्यांदा दाबला की मागचे एखादे चाक एकदम धरते. बडोद्यात दांडिया बाजारापासून अकोट्यापर्यंत हा अनुभव अनेकांना येतो, आणि ‘कचकन धरतो म्हणजे ब्रेक दमदार आहे’ ही समजूतही सर्रास ऐकू येते. ती चुकीची आहे. मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकचे असे धरणे बहुधा ओलाव्याचे, गंजाचे किंवा गळतीचे लक्षण असते, आणि त्याचे कारण ड्रमच्या आत घडणाऱ्या एका विलक्षण सुंदर यांत्रिक क्रियेत आहे.

चाकाबरोबर फिरणाऱ्या ओतीव लोखंडाच्या ड्रममध्ये चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला ड्रमवर घासणारा थर, म्हणजे लायनिंग, असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑईलच्या दाबाने व्हील सिलिंडरचे दोन पिस्टन शूंची वरची टोके बाहेर ढकलतात. खालची टोके अँकरला, म्हणजे न हलणाऱ्या आधाराला, टेकलेली असतात. गाडी पुढे जात असताना ड्रमची पुढची बाजू वरून खाली येत असते. त्यामुळे पुढच्या शूवर घर्षणाचे बल खाली, म्हणजे अँकरकडे लागते आणि ते शूला अँकरभोवती बाहेरच्या बाजूस फिरवते. दाराखाली सारलेली पाचर दार ढकलल्यावर आणखी घट्ट बसते, तसा हा शू ड्रमच्या फिरण्यानेच ड्रमवर अधिक आवळला जातो. मागच्या शूच्या बाबतीत घर्षण उलट त्याला ड्रमपासून दूर लोटते.

हा परिणाम किती मोठा असतो, ते एका सोप्या मांडणीवरून कळेल. पिस्टनचे बल १०० एकक घेऊ. अँकरपासून पिस्टन जितका दूर, त्याच्या निम्म्या अंतरावर ड्रमचा दाब आणि तितक्याच भुजेवर घर्षण कार्य करते असे मानू. घर्षणांक म्हणजे घर्षणाचे बल दाबाच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा. मग पुढच्या शूचा ड्रमवरील दाब २०० भागिले (१ वजा घर्षणांक) आणि मागच्याचा २०० भागिले (१ अधिक घर्षणांक) इतका येतो. या दाबाला घर्षणांकाने गुणले की चाक रोखणारे बल मिळते. घर्षणांक ०.४ असेल तर पुढचा शू सुमारे १३३ एककांचे आणि मागचा ५७ एककांचे रोधक बल देतो. आता घर्षणांक ०.५ झाला, म्हणजे पंचवीस टक्क्यांनी वाढला, तर पुढच्या शूचे बल थेट २०० होते, म्हणजे पन्नास टक्क्यांनी वाढते. मागच्याचे जेमतेम ६७ होते. उलट पाण्याने घर्षणांक ०.२ वर आला, तर पुढचा शू १३३ वरून ५० वर घसरतो. फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये ही आपोआप बल वाढवणारी क्रिया नसल्यामुळे बल घर्षणांकाच्या प्रमाणातच बदलते. ड्रममध्ये घर्षणातील लहानसा फरक वाढून चाकापर्यंत पोहोचतो. शिवाय मागील चाक पुढील चाकांआधी पूर्ण अडकले, तर गाडीला सरळ ठेवणारी त्याची बाजूची पकड जाते आणि गाडी गरकन फिरू शकते. एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी यंत्रणा, नसलेल्या जुन्या मोटारींत हा धोका अधिक असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा कित्येक मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. अशी गाडी नीट तपासून पुन्हा रस्त्यावर आणल्यावर मोकळ्या जागी सावकाश चालवत पेडल हलके दाबून धरावे, म्हणजे लायनिंग सुकते आणि गंजाचा पातळ थर घासला जातो. एवढे करूनही चाक धरत राहिले, तर ‘नजर लागली’ म्हणून लिंबू-मिरची बांधण्याऐवजी ड्रम उघडावा. पावसाळ्यात हॅण्डब्रेक ओढून अनेक दिवस गाडी उभी ठेवू नये, कारण गंजामुळे लायनिंग ड्रमला चिकटते. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना अडणी लावणे पुरेसे असते.

उघडताना पुढच्या चाकांना अडणी लावून गाडी स्टँडवर घ्यावी, केवळ जॅकवर विसंबू नये, आणि हॅण्डब्रेक सोडावा. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगांची मांडणी विसरल्यास दुसऱ्या बाजूस पाहता येते. आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या लायनिंगमध्ये श्वासातून गेल्यास घातक ठरणारे ॲसबेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसावी. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलून पाहावी. आत ब्रेक ऑईल साचलेले आढळले तर सिलिंडर गळतो आहे. ऑईल मुरलेले लायनिंग पुसून सुधारत नाही, आणि शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावे लागतात. पुढचा शू मागच्यापेक्षा जास्त झिजलेला दिसला तर घाबरू नये, कारण जास्त काम तोच करतो.

पेडल खोल जात असेल, तर उभ्या गाडीत हॅण्डब्रेक दोन-तीन खटके ओढून ते पुन्हा दाबावे. आता ते वर लागले, तर शू आणि ड्रममधील फट वाढलेली आहे, आणि बहुधा ही फट योग्य राखणारा ॲडजस्टर गंजून अडकलेला असतो.

‘चारही चाकांना डिस्क’ या जाहिरातीला मात्र फार भुलू नये. ब्रेक लावताना भार पुढे सरकतो, त्यामुळे मागच्या चाकांवर काम कमी येते. फोक्सवॅगनच्या आयडी.४ या विजेवरील मोटारीलाही मागे ड्रमच आहेत, कारण तिथे वेग बहुधा विजेची मोटरच कमी करते, त्यामुळे ब्रेक क्वचितच घासले जातात आणि बंदिस्त ड्रम गंजापासून अधिक सुरक्षित राहतो.

ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर खोल चरे पडले असतील तर तो लेथवर घासून घेता येतो. पण त्याचा कमाल व्यास बहुधा ड्रमवरच कोरलेला असतो, आणि घासल्यावर व्यास त्यापलीकडे जाणार असेल तर ड्रम नवाच घ्यावा लागतो.